सदतीस इंजिनियर आणि एक मोटार

जगातलं कुठलंही काम साधनावाचून अडत नाही. ते अडतं साधन निवडायला लायक अशी माणसं पुरेशा संख्येने एका जागी न बसल्यामुळे. हे सत्य उमगायला मोठमोठ्या राज्यांना शतकं लागली. कैरोतल्या आमच्या तंबूवाल्यांच्या गल्लीला ते एका मोटारीने पस्तीस दिवसांत शिकवलं. (खरं तर चौतीस. एका दिवशी फुटबॉलचा सामना होता.)

मी, रिफाई, तंबू कारागीर मंडळाचा चिटणीस. वय विचारू नका, कारण मंडळाच्या दफ्तरात ते तीन ठिकाणी तीन वेगवेगळं आहे आणि तिन्ही नोंदी माझ्याच हातच्या आहेत. तेव्हा जे सांगतो ते इतिवृत्ताला धरून सांगतो.

मंडळाची एक सामायिक शिलाई मशीन आहे. घरातल्या शिलाई मशीनशी तिचं नातं वाघाचं मांजराशी असतं तेवढंच. आठपदरी ताडपत्री, वर दोरखंड घातलेली किनार, हे सगळं ती एका दमात शिवते. लग्नाचे शामियाने, मयताच्या बैठकीच्या कनाती, उरुसातले तंबू, गल्लीतून जे जे बाहेर जाऊन खांबांवर उभं राहतं ते ते तिच्याच सुईखालून गेलेलं. तिची मोटार जुनी, क्लच जातीची. बटण दाबलं की ही आपली एकसारखी फिरत राहते, गुणगुणत राहते. पायडलवर पाय पडला की मगच तिचा जोर मशीनला लागतो, आणि लागतो तो असा की विचारू नका. एकदा उस्ता दसूकीचा पाय जरा जास्त पडला. हातातली कनात समोरच्या घरच्या वाळत घातलेल्या चादरींना शिवली गेली, आणि चादरी त्यापलीकडच्या घराच्या पडद्यांना. त्या दोन घरांत अकरा वर्षं बोलणं नव्हतं. उसवायला एकत्र बसावं लागलं, आणि बोलणं सुरू झालं. तेव्हापासून अबोला धरलेल्या तीन जोडप्यांनी तिथे आपली कनात मुद्दाम पाठवून पाहिली, पण पाय पुन्हा तसा पडला नाही.

तर एका गुरुवारी सकाळी उस्ता दसूकीने बटण दाबलं. मोटार गुणगुणली. फिरली मात्र नाही.

एरवी ही बातमी फार तर एक ग्लास चहा टिकली असती. पण दसूकीच्या मुलीचं, इन्शिराहचं, लग्न बरोबर पाच आठवड्यांवर आलं होतं. नवरदेव कुवेतहून चाळीस दिवसांच्या रजेवर आलेला. हा मुहूर्त हुकला की पुढची रजा दोन वर्षांनी. आणि त्यात दसूकीने साखरपुड्याच्या दिवशी भर गल्लीत शपथ घेतलेली. आमच्याकडचे पुरुष साधी शपथ घेत नाहीत, तलाकची घेतात : शपथ मोडली की बायको सुटली. "लोकांच्या पोरींना चाळीस वर्षं सावली दिली," दसूकी म्हणाला होता. "माझी पोर मी स्वतः त्या मशीनवर शिवलेल्या नव्या छताखाली बसली नाही, तर माझ्यावर तलाक!"

त्याची बायको, सित्त बहिया, भाजी निवडता निवडता म्हणाली होती, "शपथ तू घ्यायचीस आणि पेटी मी भरायची, होय रे?"

म्हणजे त्या मोटारीवर एक लग्न लागायचं होतं आणि दुसरं टिकायचं होतं. गोष्ट गंभीर होती. म्हणून मी नियम काढला.

मंडळाचा नियम नववा (मीच लिहिलेला, एका निवांत दुपारी) असं सांगतो : सामायिक मशीनच्या मोटारीबाबतचा निर्णय गल्लीतल्या इंजिनियरांच्या सल्ल्याने घ्यावा. त्यानुसार मी कहवाखान्याच्या दारावर सूचना चिकटवली : "गल्लीतल्या सर्व इंजिनियरांनी शनिवारी दुपारच्या नमाजानंतर हजर राहावे."

आता आमच्याकडे माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं म्हणजे भर रस्त्यात त्याचा सदरा उतरवण्यासारखं. काहीतरी पदवी लावावीच लागते. पांढरी दाढी असेल तर हाज. चष्मा असेल तर डॉक्टर. गाडी असेल तर बाशा, मग ती ढकलत का नेईना. हाताला तेल किंवा बोटाला सुईचा घट्टा असेल, म्हणजे त्याला खरंच एखादं काम येत असेल, तर उस्ता. आणि ज्याच्यापाशी यातलं काहीच नसेल त्याला बाशमोहंदिस. म्हणजे थोरले इंजिनियर.

शनिवारी सदतीस आले.

त्यांना परत पाठवणार कसं? वीस-वीस वर्षं सगळ्या गल्लीने तोंडावर इंजिनियर म्हटलेली माणसं ती. टपाल कचेरीतून निवृत्त झालेले बाशमोहंदिस हिल्मी होते. कहवाखान्याचे मालक बाशमोहंदिस शौकी होते. कबुतरं पाळणारे होते, जावयाकडे राहणारे होते. एक जण तर नुसते पत्ता विचारायला गल्लीत शिरले होते. कुणीतरी म्हणालं, "या, बाशमोहंदिस, बसा," आणि ते बसले. ते शेवटपर्यंत नियमित येत राहिले, आणि पट्टा उपसमितीचे निमंत्रकही झाले.

ज्यांनी आयुष्यभर मोटारी उघडल्या असे चार जण गल्लीत होते. ते चारही उस्ता. नियमात बसत नव्हते. त्यांनी दारात उभं राहून ऐकलं, आणि मग आपापल्या कामाला गेले, कारण त्यांना काम होतं.

राहिला नवरदेव. तो कुवेतमध्ये काय करतो, तर मोठमोठ्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करतो. पदवीचा कागदही आहे, शिक्क्यानिशी. पण साखरपुड्यापासून लग्नापर्यंत आमच्या गल्लीत मुलाला एकच नाव असतं : अरीस, नवरदेव. त्याला कुणी एकदाही बाशमोहंदिस म्हटलेलं नव्हतं. सबब तोही अपात्र. तरी बिचाऱ्याने पहिल्याच बैठकीत बोट वर केलं.

"काका, गुणगुणतेय पण फिरत नाही म्हणजे बहुतेक तिचा कंडेन्सर गेलाय. पंख्याला असतो ना, तसा. मला अर्धा तास द्या, बघतो मी."

"नवरदेवा," हिल्मी मायेने म्हणाले, "तू बस्बूसा खा. अर्ध्या तासाच्या गोष्टी लग्नाआधी बोलू नयेत."

सगळे हसले. नवरदेव लाल झाला आणि बस्बूसाची दुसरी वडी खाऊ लागला. अशा अर्धवट सूचनांनी मोटारीला पुन्हा कुणी हात लावू नये म्हणून ठराव क्रमांक एक सर्वानुमते मंजूर झाला : सदर मोटार लाख लावून, मोहोर करून समितीच्या ताब्यात ठेवावी. मी तिच्यावर चारही बाजूंनी कागद डकवला. मोटार इतकी देखणी यापूर्वी कधीच दिसली नव्हती.

जुनी गेली, आता नवी निवडायची, हे उघड होतं. बाजारात दोन जाती. एक क्लच, वर सांगितली ती. दुसरी नवी, सर्वो. ही पाय पडला तरच फिरते, पाय उचलला की गप्प. हळू शिवायचं तर हळू, जोरात तर जोरात, आणि वीज निम्म्याहून कमी खाते. ऐकायला सोपं वाटतं. ज्यांना सोपं वाटतं त्यांनी अजून समितीत बसून पाहिलेलं नाही.

क्लच पक्षाचे पुढारी हिल्मी. त्यांचं भाषण मी शब्दशः उतरवून घेतलं आहे. ते म्हणाले, "सज्जनहो, मी एकतीस वर्षं नोकरी केली. सकाळी आठला चालू व्हायचो, दोनला बंद. मधल्या वेळात कुणी पायडल दाबो न दाबो, मी गुणगुणत राहायचो. लोकांना खात्री असायची की कचेरी चालू आहे. आणि ही तुमची सर्वो! काम असेल तरच हलणार! उद्या असली मोटार सरकारी कचेरीत शिरली, तर दिवसभर स्मशानशांतता! लोक काय म्हणतील?"

टाळ्या झाल्या. दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. (पैकी एकाच्या डोळ्यांत शेजारच्या हुक्क्याचा धूर गेला होता.)

सर्वो पक्षाचे पुढारी शौकी. त्यांचा मुद्दा तात्त्विक होता. मोटारीच्या गुणगुणण्यामुळे त्यांच्या रेडिओवरची गाणी ऐकू येत नाहीत, असा तो मुद्दा. "माणसाने काम करताना आवाज करावा, बाशमोहंदिस, मला मान्य आहे," शौकी म्हणाले. "पण काम नसताना पण?"

"काम नसतानाच तर गरज असते!" हिल्मी म्हणाले.

पहिल्या मतदानाचा निकाल असा : क्लचच्या बाजूने अकरा, सर्वोच्या बाजूने चौदा, तटस्थ बारा. मात्र तटस्थांचं म्हणणं पडलं की आपल्या तटस्थतेवरही सविस्तर चर्चा व्हावी. ती चार दिवस चालली आणि अतिशय उच्च दर्जाची झाली. त्यातून तटस्थांतही दोन गट पडले.

आवाजाचा प्रश्न शास्त्रीय पद्धतीने सोडवण्यासाठी एक प्रयोग घेण्यात आला. बाजारातून दोन्ही मोटारी दोन तासांच्या बोलीवर आणल्या, आणि कहवाखान्यातलं झोपलेलं मांजर मधोमध ठेवलं. क्लच लावली. मांजर ढिम्म. जन्मापासून त्या गुणगुणण्यातच झोपलेलं ते. मग सर्वो लावली. चार टाके घातले, पाय उचलला, गल्लीत एकदम शांतता पसरली, आणि मांजर दचकून उठून शौकींच्या डोक्यावरून पळालं. यावरून सर्वो मोटार क्लचपेक्षा अधिक आवाज करते, असं निष्पन्न झालं. अहवाल चौदा पानांचा आहे. इच्छुकांना पाहता येईल.

याशिवाय पुली उपसमितीने लहान पुली घ्यावी की मोठी, याचा अभ्यास केला. लहान घेतली तर मशीन हळू चालते पण जोर वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. तो ऐकून एक तटस्थ सभासद म्हणाले की आपल्या बायकोच्या उंचीबाबतही आपला हाच अनुभव आहे. सदर सूचना इतिवृत्तातून वगळण्यात आली. (ती इथे आली कशी, कळत नाही.)

आठ दिवस झाले. ताडपत्रीचे बारा पट्टे कापून, घड्या घालून दसूकीच्या दुकानात पडून होते. दसूकी रोज येऊन कहवाखान्याच्या दारात उभा राहायचा. आत यायचा नाही, कारण तो उस्ता. तो नुसता बघायचा, आणि मी त्याला हाताने खूण करायचो, की चाललंय, चाललंय. एक दिवस त्यानेही खुणेनेच तळहातावरचे चार तिरमिस, म्हणजे वालासारखे खारे दाणे, दाखवले. घरी बहियाने आता एवढ्याच दाण्यांवर त्याची बोळवण चालवली होती. शपथेवर टांगलेल्या नवऱ्याला जेवण कशाला, असं तिचं म्हणणं.

नवव्या दिवशी इन्शिराह आली. ती थेट आत शिरली, कारण मुलींनी आत यायचं नाही असा नियम मी लिहायचा राहून गेला होता.

"अम्म रिफाई, झाला का तुमचा ठराव?" (अम्म म्हणजे काका.)

"होतोय, बेटा. बत्तीस झाले. तेहतिसावा चालू आहे."

"लग्नाचा झाला का त्यात एखादा?"

"आधी मोटार, मग लग्न. क्रमाने जायला हवं."

तिने सदतीस जणांकडे एकवार पाहिलं. चहाचे ग्लास पाहिले. मग म्हणाली, "तुमची समिती म्हणजे अगदी आमची मोटार, अम्म. गुणगुणते झकास. फिरत तेवढी नाही."

ही तुलना अत्यंत समर्पक होती. मी ती अभिनंदनाचा ठराव म्हणून नोंदवली.

ती गेली ती मशीनच्या खोलीतच गेली. नवरदेव तिथे त्या डकवलेल्या मोटारीसमोर उकिडवा बसला होता. भुकेल्या माणसाने काचेपलीकडच्या खाद्यपदार्थांकडे बघावं तसा.

"फोडू का मोहोर?" तो म्हणाला.

"फोडलीस तर चौकशी समिती बसेल. तुझी रजा संपेल, आपली चौकशी संपायची नाही." तिने मशीनचं हातचाक फिरवून पाहिलं. जड होतं, पण सुई खाली गेली, आठ पदरांतून आरपार, आणि वर आली. एक टाका पडला. "यावर लाख लावलीय का कुणी?"

"यावर नाही."

"मग बाह्या वर कर, नवरदेवा." ती मागोमाग आलेल्या दसूकीकडे वळली. "बाबा, पट्टा धरा."

दसूकी कापड पुढे सरकवायचा, इन्शिराह पलीकडून ओढायची, आणि नवरदेव चाक फिरवायचा. एका फेरीला एक टाका. बारा पट्ट्यांच्या अकरा शिवणी, प्रत्येक दहा मीटरची, आणि तीही दुहेरी. मी हिशेब करून पाहिला, तर साडेसत्तावीस हजार फेरे. कुठल्याशा मुलखात म्हणे नवरदेव सात फेऱ्यांत सुटतो. भाग्यवान लोक.

"दमलास?" ती विचारायची.

"कुवेतमध्ये मला यासाठी चार यंत्रं देतात."

"इथे मी देतेय. किती झाले?"

"आठशे बारा."

"आठशे दहा. दोन वेळा नुसता माझ्याकडे बघत चाक उलटं फिरवलंस. ते दोरा गुंतवणारे टाके धरायचे नाहीत."

दसूकी मान खाली घालून कापड सरकवत राहायचा. तिसऱ्या दिवसापासून बहियाने घरून फूल, म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची उसळ, आणि गरम भाकरी पाठवायला सुरुवात केली. वाटी जावयाची. दसूकीला भाकरीचे काठ. सतराव्या दिवशी त्यालाही वाटी आली, म्हणजे छत निम्म्यापुढे गेलं असावं.

समितीच्या कानावर हे गेल्याशिवाय कसं राहील? मंजुरीवाचून मशीन चालते आहे, ही गोष्ट गंभीर होती. पाहणीसाठी सात जणांचं पथक गेलं. त्यांनी मशीन पाहिली, मोटारीवरची लाख शाबूत असल्याची खात्री केली, आणि पुढीलप्रमाणे अहवाल दिला : हातचाक हा मशीनचा भाग आहे, मोटारीचा नाही. समिती मोटारीसाठी नेमलेली आहे. सबब चाकाशी समितीचा संबंध नाही. जागेवर आढळलेली माणसं : उस्ता एक, मुलगी एक, चाक फिरवणारा इसम एक.

इतका निःपक्षपाती अहवाल मी हयातीत लिहिलेला नाही.

पस्तिसाव्या दिवशी, गुरुवारी, छत उभं राहिलं. लाल, निळं, पांढरं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. गल्लीत एवढी मोठी सावली पूर्वी कुणी पाहिली नव्हती. त्याच दिवशी समितीची बैठक होती. कहवाखान्यात शौकींनी लग्नासाठी भांडीकुंडी मांडलेली, म्हणून सगळे बाहेर त्या नव्या सावलीत बसले आणि कामकाज सुरू झालं. हिल्मींनी वर पाहिलं. शिवण न्याहाळली.

"सरळ आहे," ते म्हणाले. "टाका सारखा पडलाय. हे काम क्लचचंच."

"वेड लागलंय का? क्लचला एवढं हळू जमेल? हे सर्वोचं!" शौकी म्हणाले.

एवढ्यात माझून शेख आले, निकाह लिहिणारे. मांडीवर वही उघडली. दसूकीला दोन साक्षीदार हवे होते. त्याने शहाणपणा करून एका बाजूला हिल्मी बसवले आणि दुसऱ्या बाजूला शौकी, म्हणजे निदान सह्या होईपर्यंत तोंडं बंद राहतील. मग दसूकीने जावयाचा हात हातात धरला. शेखांनी त्यावर पांढरा रुमाल टाकला. रुमालाखाली चार आठवडे चाक फिरवून फोड आलेला एक तळवा आणि चाळीस वर्षांत घट्टे पडलेला एक तळवा. वर बघायची दसूकीची सोय नव्हती, कारण वर छतच होतं, आणि छत पाहिलं की त्याला रडू यायचं.

"साक्षीदार नवरदेवाला ओळखतात ना?" शेखांनी विचारलं.

"ओळखत नाही कसं? रोज पाहतोय!" हिल्मी म्हणाले.

"मग नाव सांगा."

हिल्मींनी शौकींकडे पाहिलं. शौकींनी मागे पाहिलं. पस्तीस इंजिनियरांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे.

"इतिवृत्तात असेलच," हिल्मी म्हणाले.

मी पानं उलटली. होतं. वाचलं. "चाक फिरवणारा इसम, एक."

शेखांनी लेखणी वर उचलली. "या नावाने लिहू?"

"लिहा, शेख, लिहा!" पडद्यामागून इन्शिराह ओरडली. "नाव काही का असेना, फिरतो तर!"

सगळ्या गल्लीत हशा पिकला. बहियाने ओठांवर हात ठेवून असा लांबलचक झगरूता, आनंदाची किलकारी, दिला की नवरदेवाने आपलं नाव सांगितलं ते शेखांखेरीज कुणाला ऐकूच गेलं नाही. शेखांनी लिहून घेतलं. सह्या झाल्या. दसूकीने सासऱ्याच्या हक्काने जावयाला मिठी मारली, आणि बहियाने पस्तीस दिवसांत पहिल्यांदा आपल्या नवऱ्याच्या ताटात मांसाचा तुकडा वाढला.

आता तुम्ही विचाराल, अम्म रिफाई, पण शेवटी मोटार कोणती घेतली? बघा, विचारलंतच. क्लच बरी की सर्वो, याविषयी तुमचं मत तर मघाशीच पक्कं झालंय. खोटं बोलू नका, मांजर पळालं तेव्हाच तुम्ही बाजू घेतली होती. ताडपत्री तुम्ही उभ्या जन्मात शिवलेली नाही, तरी लहान पुलीचं तुम्हाला पटलं होतं. आणि एवढा वेळ माझ्यासमोर बसून, त्या पोराचं नाव काय, हे मात्र तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत.

बैठक मंगळवारी आहे. येताना खुर्ची तेवढी घरून आणा.